दोघांत एक वाडगं

३ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजींनाही सांग.

फोन करणार होतो, पण फोनवर माझं कसं होतं तुला ठाऊक आहे. पलीकडचा माणूस 'हं, बोल' म्हणाला की माझी बोबडी वळते. त्यात दुकानातला फोन मालकांच्या कानाशी. म्हणून पत्र. पत्रात निदान मला माझंच वाक्य पुन्हा वाचता येतं.

पोहायला शिकवणाऱ्या मुलीबद्दल तुला मागे लिहिलं होतं. तीच, जी स्पर्धेचे कप नावं कोरायला घेऊन आली होती आणि एका कपाच्या कडेवरून बोट फिरवून म्हणाली होती की हा लहान मुलाच्या हातात जाणार आहे, धार घासून द्या. त्यानंतर ती कप नसतानाही येत राहिली. आता तिने आमचं घरी सांगून टाकलं आहे. बाबा म्हणाले, मुलगा जेवतो कसा ते बघू या.

ती हे हसत सांगत होती. मला हसू आलं नाही. तिचे बाबा जहाजावर इंजिनियर होते. बंदरोबंदरी जेवलेला माणूस. त्यांचं ठाम मत आहे की माणूस बोलण्यात फसवतो, कपड्यांत फसवतो, पण खायला बसला की उघडा पडतो. तिच्या मावसबहिणीला सांगून आलेला एक मुलगा त्यांनी फक्त तो माशाचे काटे कसे काढतो ते बघून नापास केला. मुलगा शिकलेला होता, नोकरी चांगली होती. मी आठवीतून शाळा सोडलेला, पितळेवर नावं कोरणारा. माझ्याकडे कौतुक करावं असं अक्षर सोडून काही नाही, आणि अक्षर काही जेवताना दाखवता येत नाही.

तर पुढच्या पंधरवड्यात त्यांनी मला जेवायला बोलावलं आहे. घरी नाही. जुन्या टांकसाळीच्या दगडी इमारतीत एक हॉटेल निघालं आहे. तिथे म्हणे तीन-चारशे वर्षांपूर्वी राजेलोकांच्या मुदपाकखान्यात जसं शिजायचं तसंच शिजवतात, त्याच पाककृती, तशीच भांडी, खाण्याची रीतही तीच. आमच्या मालकांनी ते नाव ऐकून चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, तिथली पाटी आपल्याकडे आली असती तर मी वर्षभर तिचंच सांगत बसलो असतो.

तुला काही गोष्टी विचारायच्या आहेत. अशा ठिकाणी आधीच पोट बिघडलंय असं सांगितलं तर चालतं का? नुसतं काहीतरी पिऊन बसलं तर वाईट दिसतं का? घास रुमालात घेतला तर बघणाऱ्याच्या ध्यानात येतं का? सविस्तर लिही. मी गेल्या रविवारपासून नीट झोपलेलो नाही.

तुझा,
बारक्या


९ मार्च

चि. बारक्या,

खूप मोठा हो, आणि जमलं तर जरा जाड हो.

तुझं पत्र वाचून आधी मला आनंद झाला, आणि शेवटचा परिच्छेद वाचून मी पातेलं खाली उतरवून खुर्चीवर बसले. रुमालात घास? मी इथे वसतिगृहातल्या पोरींना रोज दोन वेळा जेवू घालते. रुमालात घास कोण घेतं आणि का घेतं ते मला शिकवू नकोस. सरळ विचारते. तुझा घसा अजून आवळतो का?

मला वाटलं होतं ते लहानपणीच संपलं. आई तुला लोकांकडून परत आणून कोठीच्या खोलीत दार लावून भरवायची, ते आठवतं मला. पण मागच्या वर्षी माझ्याकडे आलास तेव्हा तर तुझ्या भाऊजींच्या बरोबरीने जेवलास. तेव्हा मी म्हटलं, चला, पोरगं सुटलं यातून. तू काही बोलला नाहीस.

खरं असेल तर त्या मुलीला आधी सांग. ताकाला जाऊन भांडं लपवू नये. लग्न करणार आहेस, तिच्यासमोर जन्मभर पोट बिघडलंय म्हणून सांगणार का?

आणि सांगायचं नसेलच तर एक साधा उपाय. मोठ्या माणसाला पुढे कर. 'काका, तुम्ही घ्या आधी' म्हण, त्यांना वाढ, त्यांच्या आवडीचं विचार. खाणाऱ्या माणसाला खिलवणारा मिळाला की समोरच्याच्या पुढ्यात काय उरलं याकडे त्याचं लक्ष राहत नाही. हे मी अनुभवाने सांगते, तुझ्या भाऊजींकडे बघ.

तिच्या वडिलांचा पत्ता आणि फोन नंबर कळव. उद्या सोयरीक झाली तर थोरल्या बहिणीला मुलीच्या घरचा ठावठिकाणा माहीत नाही हे बरं दिसत नाही.

तुझी,
ताई


१४ मार्च

प्रिय ताई,

तू विचारलंस म्हणून लिहितो. होय.

तुझ्याकडे घास जातो. एकटा असलो की जातो. दुकानात मी पॉलिशच्या यंत्रामागे भिंतीकडे तोंड करून जेवतो, मालकांना वाटतं मला शिष्टाचार फार. पण समोर कुणी मला तोलायला बसलं असेल, तर घास जिभेवरच राहतो. चावून चावून त्याचा लगदा होतो, तरी खाली जायची वाट सापडत नाही. गिळायचं कसं तेच विसरल्यासारखं होतं. मग घाम येतो, आणि जबरदस्ती केली तर सगळं उलटून येतं. तिच्याबरोबर मी आजवर फक्त चहा घेतला आहे. तिला वाटतं मला खाण्याची आवड नाही. मीही तिला तसंच वाटू दिलं आहे.

तिला सांगता येणार नाही, ताई. ती पाण्याला घाबरणाऱ्या मुलांना पाण्यात उतरवते. मी एकदा बघायला गेलो होतो. एक मुलगी काठाला धरून रडत होती, आणि ही तिच्याशेजारी पाण्यात उभी राहून शांतपणे दुसऱ्याच कसल्यातरी गप्पा मारत होती. मला वाटलं, हिला सांगितलं तर ही मलाही तसंच सांभाळून घेईल. आणि तेच मला नको आहे. मला तिचा नवरा व्हायचं आहे, विद्यार्थी नाही.

आता पुढचं ऐक आणि हसू नकोस. जागा आधी बघून ठेवावी म्हणून मी अर्ध्या सुटीत त्या हॉटेलापाशी गेलो. दारात जुन्या काळच्या पोशाखातला एक माणूस उभा असतो. मी त्याला आत जेवण्याची रीत कशी असते असं विचारणार होतो, पण त्याने माझ्या बोटांकडे बघितलं. पॉलिशची काळी बोटं, साबणाने जात नाहीत. तो म्हणाला, मागच्या दाराने. मी मागच्या दाराने गेलो. तिथे भांडी घासणाऱ्या बाईंनी माझ्या हातात एप्रन दिला आणि म्हणाल्या, आलात एकदाचे, सकाळपासून वाट बघतेय. मी इथे जेवायला येणारा पाहुणा आहे असं माझ्या तोंडून निघेना. मग मी वाडगी घासली.

त्यांनीच सगळं सांगितलं. तिथे ताट नसतं. दोन माणसांत एक लाकडी वाडगं असतं. जुन्या काळी यजमान पाहुण्याबरोबर एकाच वाडग्यातून खायचा, म्हणजे पाहुण्याच्या मनात विषाची शंका राहू नये. वाडगं रिकामं झालं की ते दोघांनी मिळून पालथं घालायचं, आणि ते पालथं पडेपर्यंत पुढचा पदार्थ येत नाही. कोण कुणाबरोबर बसणार ते यजमान आधी कळवतो. मी विचारलं, एखाद्याला नकोच असेल तर? बाई म्हणाल्या, नको असेल तर इथे येतो कशाला माणूस, घरी झोपावं की.

म्हणजे कोपऱ्यात सारायला ताट नाही, ताटाखाली दडवायला जागा नाही. एकच वाडगं, आणि समोरच्याच्या नाकासमोर. रोज माझ्या मनात जागा बदलतात: कधी तिच्याबरोबर बसतो, कधी तिच्या आईबरोबर, म्हणजे काकूंबरोबर. तिच्या बाबांबरोबर, काकांबरोबर बसलो तर काय, हा विचार आला की मी उठून पाणी पितो.

पत्ता आणि नंबर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आत ठेवला आहे. सोयरीक होईल असं धरून चालू नकोस.

तुझा,
बारक्या

ता. क. एप्रन मी खुंटीला लावून आलो. रोजंदारी द्यायला बाई मागे धावत आल्या, मी घेतली नाही. आता त्या मला ओळखतील याचीही काळजी आहे.


१९ मार्च

चि. बारक्या,

आज फार लिहीत नाही, गॅसवाला आला आहे.

काळजी करू नकोस. सगळं नीट होईल. तुझ्याबरोबर बसायला समजूतदार माणूस येईल असं मला वाटतं. जेवढं जाईल तेवढं खा, उरलेलं त्यांच्याकडे सरकव, संकोच करू नकोस. हट्टाने सरकव. खाणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही.

बोटं लिंबाच्या सालीने घास आणि निळा शर्ट घाल, करडा नको. करड्यात तू आजारी दिसतोस.

ताई


२५ मार्च

प्रिय ताई,

संपलं. तुला इतकं कळलं तरी पुरे, पण झालेलं सगळं कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्याने पुढचं काम होणार नाही. आज एका दाराच्या पाटीवर मी नाव आणि हुद्दा, दोन्ही ओळी एकाच उंचीच्या कोरल्या; नाव मोठं हवं होतं. असं माझ्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं.

काल ठरल्याप्रमाणे गेलो. दारावरच्या माणसाने मला ओळखलं नाही, निळा शर्ट होता. आत दगडी कमानी, भिंतीत तेलाचे दिवे, बुटकी टेबलं. ती, तिची आई, काका आणि मी. काका मला वाटलं होतं त्याहून वाळलेले निघाले, कोट खांद्यावरून लोंबत होता, पण आवाज मात्र इंजिनच्या खोलीतला. मला बघताच म्हणाले, या कोरीवकाम, तुम्ही माझ्या वाडग्यात. माझ्या पाचावर धारण बसली. ती म्हणाली, बाबा, तुम्ही तर मी आणि तो असं कळवणार होतात ना? काका म्हणाले, बेत बदलला.

मग एक गृहस्थ येऊन प्रत्येक पदार्थाची हकिकत सांगू लागले. पहिलं आलं ते बदाम वाटून त्यांच्या दुधात शिजवलेली जवाची पेज, वरून मध. एका धाकट्या राजपुत्राला युद्धाहून परतल्यावर हे देत असत म्हणे. मी चमच्याच्या टोकावर घेतली. ती पातळ होती आणि सगळे त्या गृहस्थांकडे बघत होते, म्हणून थोडीशी गेली. मी तुझं ऐकून म्हटलं, काका, तुम्ही घ्या. काकांनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला आणि उरलेली पेज सावकाश संपवली. वाडगं पालथं घातलं. मला वाटलं, ताई म्हणाली ते खरं निघालं.

दुसरं होतं सुक्या फळांबरोबर उकडून कुटलेलं मांस. ते माझ्या जिभेवर राहिलं. काकूंचं आणि तिचं वाडगं पालथंही पडलं, दोघी कशावरून तरी हसत होत्या. आमचं अर्धं भरलेलं. वाढणारा हात मागे बांधून आमच्या शेजारी उभा, आणि त्याचं सगळं लक्ष वाडग्याकडे. मी वाडगं काकांकडे सरकवलं. त्यांनी किंचित माझ्याकडे सरकवलं. मी परत सरकवलं. तेव्हा ते पुढे वाकून हळूच म्हणाले, "सोड माझ्यावर. तू नुसता चमचा हलवत राहा."

ताई, त्यांना कसं कळलं हे मला तेव्हाही समजलं नाही, आताही समजत नाही. मला वाटलं ही परीक्षाच आहे, मी किती सरकवतो ते ते मोजताहेत. पण मला दुसरं काही सुचत नव्हतं. मी चमचा हलवत राहिलो आणि ते खात राहिले. प्रत्येक घासानंतर पाणी. मान लांब करायची, डोळे मिटायचे, मग पुढचा घास. डोळ्यांतून पाणी येत होतं. मी मनात म्हटलं, तिखट असेल. तिखट नव्हतं, ताई. मी ते चाखलं होतं. तरी मी तसंच म्हटलं.

तिसरं वाडगं रश्शात भिजवलेल्या पावाचं होतं. मी एकही घास घेतला नाही. काका म्हणाले, हे तर माझ्या आवडीचं. शेवटचा मोठा तुकडा त्यांनी तोंडात घातला आणि वाडगं पालथं घालायला हात पुढे केला. तो हात वाडग्यावरच थांबला. त्यांचा चेहरा मी ओळखला. तो चेहरा मला आतून ठाऊक आहे, फक्त बाहेरून कधी बघितला नव्हता. श्वास चालू होता, बोलता येत नव्हतं, थुंकीसुद्धा खाली जात नव्हती. काकूंनी पाण्याचा पेला पुढे केला. घसा बंद असताना पाणी ओतलं की काय होतं ते मला माहीत आहे, म्हणून मी पेला त्यांच्या हातातून काढून घेतला. खरं तर हिसकावलाच. पाणी टेबलावर सांडलं. सगळं हॉटेल आमच्याकडे बघत होतं आणि हकिकत सांगणारे गृहस्थ पुढच्या पदार्थाचं पहिलं वाक्य बोलून मध्येच थांबले होते.

ॲम्ब्युलन्स आली. हॉस्पिटलात दुर्बीण घालून अडकलेला तुकडा काढला. जिवाला धोका नाही असं सांगितलं. पाण्याबद्दल मी डॉक्टरांना विचारलंही. ते म्हणाले, दिलं काय नि नाही काय, फार फरक पडला नसता. काकू शेजारीच उभ्या होत्या. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सगळं वाडगं त्यांना एकट्याला खायला लावलंत. आणि वर पाणीही देऊ दिलं नाहीत."

ते खरंच आहे.

ती मला हॉस्पिटलच्या दारापर्यंत सोडायला आली आणि एवढंच म्हणाली, घरी जा. रागाने नाही. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

तुझा,
बारक्या


२९ मार्च

बारक्या,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला घेतलं आहे.

त्यांना कसं कळलं ते मी सांगते. मी सांगितलं. तुझी चिठ्ठी हातात पडली त्याच दुपारी वसतिगृहाच्या ऑफिसातून त्यांना फोन केला. म्हटलं, मी मुलाची थोरली बहीण, एक विनंती आहे. भावाला परक्यांसमोर घास गिळवत नाही, लहानपणापासूनचं आहे, त्याला त्यावरून पारखू नका. बाकी सोन्यासारखा आहे. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग इतके मोठ्याने हसले की मी फोन कानापासून लांब धरला. म्हणाले, ताई, तुम्ही निश्चिंत राहा, मी त्याला माझ्या वाडग्यात घेतो आणि त्याचा वाटा मी उडवतो, घरात कुणाला पत्ता लागणार नाही. मी म्हटलं, देवासारखे भेटलात. स्वतःबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत.

आणि मग मीच तुला लिहिलं, हट्टाने सरकव. इकडून मी त्यांच्या खाण्याला होकार दिला, तिकडून तुला वाढायला लावलं. करायला गेले एक.

तू चिडशील म्हणून तुला कळवलं नव्हतं. तुला कळलं असतं तर तू गेलाच नसतास. आत्ता तरी वाटतं, नसतास गेला तर काय बिघडलं असतं. मी त्यांच्या बायकोला फोन करून सांगू का, की मुलाचा दोष नाही, माझा आहे? उद्याच करते. किंवा रजा काढून येते. तू म्हणशील तसं. फक्त काहीतरी कळव. जेवतोस ना?

ताई


१० एप्रिल

प्रिय ताई,

फोन करू नकोस. येऊही नकोस. दोन्ही का, ते पुढे कळेल.

तुझं पत्र वाचलं आणि मी तुझ्यावर इतका रागावलो की ते घडी करून हत्यारांच्या खणात टाकलं. दुसऱ्या दिवशी छिन्नी काढताना पुन्हा हाताला लागलं, पुन्हा वाचलं. या खेपेला मला तू नाही दिसलीस, फोनवर थोडा वेळ गप्प राहिलेले ते दिसले. ते गप्प का राहिले असतील, हे विचारायला मी त्यांच्या घरी गेलो. बोटं काळी होती म्हणून घंटी मनगटाने दाबली.

काकू बाजारात आणि ती तलावावर गेली होती. काका एकटेच होते, पुढ्यात पातळ खिमट. मला बघून त्यांनी ते झाकलं नाही. म्हणाले, ये, तूही याच बिरादरीतला, तुझ्यापासून काय लपवायचं. गेल्या हिवाळ्यापासून त्यांचा घास छातीपाशी अडतो आहे. घरात त्यांनी वजन उतरवतोय असं सांगितलं आहे. ते हॉटेलही त्यांनी त्याचसाठी निवडलं होतं. जुन्या काळचं खाणं सगळं कुटलेलं, वाटलेलं, भिजवलेलं असतं, राजांना तरी दात कुठे होते, तिथे आपलं भागून जाईल असा हिशेब. बोळक्या राजांच्या कृपेने माझी लाज राखली जाईल असं वाटलं होतं, असं म्हणाले. तेवढ्यात तुझा फोन. ज्याने जन्मभर लोकांना खाण्यावरून नापास केलं, त्याने त्या फोनवर काय सांगायचं होतं? मी विचारलं, मग माझा वाटा का खाल्लात? ते म्हणाले, दोघांपैकी एकाने तरी धडधाकट दिसायला हवं होतं.

आता महत्त्वाचं. हॉस्पिटलात त्यांना सांगितलं आहे की अन्ननलिका अरुंद झाली आहे, ती रुंद करावी लागेल, आणि ती का अरुंद झाली हे बघायला आतला तुकडा काढून तपासावा लागेल. हे त्यांनी घरी सांगितलेलंच नाही. घरी सांगितलं आहे की गप्पांच्या नादात मोठा घास घेतला. तपासणीची तारीख त्यांनी अशीच जाऊ दिली. तपासलं नाही तर काही निघत नाही, असं म्हणतात.

मग त्यांनी खिमटाची वाटी बाजूला केली आणि म्हणाले, "तू माझं झाकून ठेव, मी तुझं झाकतो. काकूला मी समजावतो. लग्नाची तारीख तू सांग."

ताई, मी मान हलवली. खोटं कशाला लिहू. होय म्हणून मान हलवली, नमस्कार केला, जिना उतरलो. खाली आल्यावर मला पहिल्यांदाच वाटलं की सगळं मिळालं. कोपऱ्यावर पोचेपर्यंत तसं वाटत राहिलं. मग मला त्यांचा वाडग्यावर थांबलेला हात दिसायला लागला. मी तलावाकडे वळलो.

ती मुलांचे टॉवेल गोळा करत होती. मी तिला सगळं सांगितलं. आधी तिच्या बाबांचं, मग माझं, मग तुझ्या फोनचं. कुठेतरी चुकलो तर पुन्हा मागे जाऊन दुरुस्त करून सांगितलं. ती टॉवेल हातात घेऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे बाबा, तू आणि तुझी ताई. तिघांनी मिळून ठरवलं की मला कळायला नको." मी होय म्हटलं. ती टॉवेल घेऊन आत गेली आणि बाहेर आली नाही.

त्यानंतर त्यांच्या घरी काय झालं ते मला नीट माहीत नाही. काकांचा दुकानात फोन आला होता. मालकांसमोर मी घेतला. ते म्हणाले, शब्द फिरवणाऱ्या माणसाला मी मुलगी देणार नाही, नापास. आणि ठेवून दिला. मी फोन हातात धरून उभा होतो. मालकांनी विचारलं, पाटीची ऑर्डर का? मी म्हटलं, रद्द झाली.

असे काही दिवस गेले. मी जेवतो आहे, काळजी करू नकोस. यंत्रामागे.

आज दुपारी ती दुकानात आली. हातात कप नव्हता. मालक म्हणाले, मी जरा पानं-बिनं बघून येतो, आणि उन्हात निघून गेले. तिने माझा डबा कुठे आहे विचारलं. मी दाखवला. तिने तो उघडून यंत्राच्या अलीकडे ठेवला, स्वतःचाही उघडला, आणि मला काही न म्हणता जेवायला लागली. तलावातल्या एका मुलाने कसा चष्म्यासकट पाण्यात सूर मारला ते सांगत होती. माझ्याकडे बघत नव्हती, आणि मुद्दाम बघत नाही असंही दाखवत नव्हती. माझा घास जिभेवर थांबला. बराच वेळ थांबला. मला घाम आला. तिने ते बघितलं, नक्की बघितलं, पण चष्म्याची गोष्ट चालूच ठेवली. मग एक घास गेला. दुसरा गेला नाही, तो मी रुमालात घेतला, तिच्यासमोर. तिने विचारलं, धुवायला देऊ का? मी म्हटलं, माझा मी धुतो.

मला विद्यार्थी व्हायचं नव्हतं असं मी तुला लिहिलं होतं. आता ते मी मागे घेतो.

जाताना म्हणाली की बाबांना ती स्वतः घेऊन जाणार आहे. काय निघेल ते कुणालाच माहीत नाही. मलाही झोप लागणार नाही. काकू अजून माझं नावही काढत नाहीत. लग्नाचं ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. तुला हे लिहितो आहे तोवर ती परत आली आहे, छत्री विसरली होती म्हणते, बाहेर कडक ऊन आहे. तुझं पत्र वाचायला मागत होती, मी दिलं. आता हे मागते आहे.

तुझा,
बारक्या


ताई,

याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, पण कागदावर जागा आहे म्हणून लिहिते. बाबा शुक्रवारी तपासणीला यायला तयार झालेत. तुमच्या भावावर रागावलेत, माझ्यावर त्याहून जास्त. तुमच्यावर अजिबात नाहीत, त्या बाईंचा पुन्हा फोन आला का असं दोनदा विचारून झालं. त्यांना करू नका. यापुढे याच्याबद्दल काहीही असलं तर मला करा.

नंबर खाली लिहिते आहे.